पिवळ्या टॅगची कॅसेट

गाणं चांगलं की वाईट हे आमच्या दादाला ऐकायच्या आधीच कळतं. ते कुठल्या प्रकारात मोडतं तेवढं सांगायचं, की लागलाच निकाल. दादानं सगळी नोकरी सुदुंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात काढली, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबून सुटे भाग काढतात त्या विभागात, क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. तिथं तपासलेल्या मालाला दोऱ्यानं टॅग बांधायचे. हिरवा म्हणजे ओके, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे होल्ड. होल्डचा माल पासही नाही आणि नापासही नाही, निर्णय होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि ज्यानं टॅग बांधला त्यानंच तो सोडायचा, मग समोर मालक का उभा राहीना. निवृत्त झाल्यावर माणसं शाल-नारळ घेऊन घरी येतात. दादा तेही घेऊन आला, आणि वर स्टोअरवाल्यानं प्रेमानं दिलेलं तिन्ही रंगांच्या टॅगांचं गठुळंही घेऊन आला. वहिनी म्हणाली, "आता हे कुणाच्या गळ्यात बांधताय?" तिला वाटलं आपण चेष्टा केली. महिन्याभरात, एक कॅसेट सोडली तर, घरातल्या झाडून सगळ्या कॅसेटा, सीड्या आणि तबकड्यांना टॅग लोंबत होते.

आम्ही ऐकतो ते गाणं म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लाडानं नुसतं प्रोग. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, मध्येच ताल बदलणार, मध्येच बासरी येणार, मध्येच चर्चमधला ऑर्गन घुमणार, आणि गाणारा काय म्हणतोय ते त्यालाही कळत असेल अशी खात्री नाही. माझा नवरा याला 'तुमचं ते लांबलेलं' म्हणतो. तळेगावापासून लोणावळ्यापर्यंतच्या पट्ट्यात हे मनापासून ऐकणारी आम्ही पाच माणसं. आणखी कुणी असेल तर तो लाजून घरात बसला असावा. मी तळेगावात शाळेत गणित शिकवते. दादा आमच्या गावी, कान्ह्याला राहतो. लोणावळ्यात एक दाताचे डॉक्टर आहेत आणि एक चिक्कीच्या दुकानाचे मालक, त्यांना आम्ही काकाच म्हणतो. पाचवा तळेगावच्या एका सोसायटीतला आयटीवाला. वयानं सगळ्यांत लहान आणि बोलायला सगळ्यांत मोठा.

वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, एका रविवारी आम्ही डॉक्टरांच्या घरी जमतो आणि अल्बमांना नंबर देतो. डॉक्टरांकडं दोन स्पीकर आहेत, माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढे. एरवी त्यांच्यावर चादरी टाकलेल्या असतात, कारण खालीच दवाखाना. दात काढून घ्यायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर ड्रम वाजायला लागले तर तो उरलेल्या दातांसकट पळून जाईल, असं डॉक्टरांच्या बायकोचं म्हणणं. त्यांनी वर्षातून एक रविवार दिला आहे. त्या दिवशी ज्या अल्बमचा पहिला नंबर येईल तो एकच अल्बम, अथपासून इतिपर्यंत, पूर्ण आवाजात लावायचा. ऐकताना फोन बंद, तोंड बंद, चिक्की फोडायचीसुद्धा नाही. हे नियम कुणी केले हे सांगायला नकोच.

दादाच्या पद्धतीत आधी टॅग, मग गुण. शुद्ध प्रोग त्याला हिरवा टॅग, आणि फक्त हिरव्यालाच गुण. पॉप, सिनेमा, नाचाचं गाणं या सगळ्याला लाल. ज्याचं नक्की ठरत नाही त्याला पिवळा. पिवळ्यांबद्दल चहाच्या वेळी बोलायला परवानगी, नंबर मात्र नाही. बरं, हे टॅगांचं खूळ एकट्या दादाचं असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण कर्म माझं, चारही पुरुष त्यात आकंठ बुडालेले! एक अल्बम आमच्याकडं ओळीनं तीन वर्षं दुसरा होता. डॉक्टर त्याला दैवी म्हणायचे. मग आयटीवाल्यानं कुठल्याशा वेबसाइटवर वाचलं की जाणकारांनी त्याला आता पॉपमध्ये टाकलंय. झालं. पुढच्या वर्षी काका म्हणाले, "मला पहिल्यापासूनच ते जरा गोडगोड वाटायचं." चिक्की विकणाऱ्या माणसाला गोडाचा त्रास व्हायला लागला! गाणी तीच, कान तेच, पण टॅग लाल झाला आणि तो अल्बम पुन्हा कुणी ऐकला नाही.

आता त्या कॅसेटबद्दल. आम्ही दोघं शेतकऱ्याची पोरं, आमच्या घरात हे विलायती गाणं कुठून शिरणार? ते शिरलं लोणावळ्याच्या बाजारातून. बंगल्यांवर येणारे पाहुणे ज्या वस्तू विसरून जायचे त्या राखणदार विकून टाकायचे. छत्र्या, गॉगल, कधी एकटीच चप्पल. दादा नुकता कारखान्यात लागला होता. त्यानं त्या ढिगातून एक कॅसेट आणली. वर ना कागद, ना नाव. आम्ही ती गोठ्यात टेपवर लावली, कारण घरात आई लावू देईना. पहिल्या दहा मिनिटांत मी रडले. दादा माझ्याकडं बघून हसला आणि मग त्याचेही डोळे भरले. का ते विचारू नका, मला आजही सांगता येत नाही. आई मात्र मरेपर्यंत म्हणायची की त्या दिवसापासून म्हशीचं दूध कमी झालं.

कितीतरी वर्षं ती नुसती 'ती कॅसेट' होती. गाणारे कोण, देश कुठला, प्रकार कोणता, काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही म्हणून काही अडतही नव्हतं. पुढं आयटीवाला आमच्यात आला, त्यानं मोबाइल टेपसमोर धरला आणि दोन मिनिटांत सगळी कुंडली काढली. नाव, साल, देश. आणि प्रकार? त्यानं वाचून दाखवलं, "प्रोगशी संबंधित." संबंधित! म्हणजे लग्नाच्या मांडवात हजर, पण वरपक्षाचा की वधूपक्षाचा ते कुणालाच ठाऊक नसलेला लांबचा पाहुणा. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादा उठला, पिवळा टॅग घेऊन आला आणि कॅसेटच्या डबीला बांधून मोकळा झाला. मला त्याचा भयंकर राग आला. ज्या गाण्यानं तुला मोठं केलं त्यालाच होल्डवर टाकतोस? पण दादापुढं नियमाविरुद्ध बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मजा म्हणजे पिवळा टॅग असताना त्या अल्बमचं कौतुक व्हायचं. डॉक्टरांनी त्याची तबकडीही मिळवली होती. दरवर्षी चहाच्या वेळी त्यातलं एखादं गाणं हळू आवाजात लावायची पद्धत पडली होती. काका मान डोलवत म्हणायचे, "नुसतं संबंधित, आणि काय ताकद आहे हो!" गेल्या वर्षी तर डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मी हे सगळं चालवून घेतलंही असतं. पण दादाचे कान जायला लागले. सगळा जन्म प्रेसच्या धाडधाडीत गेला. कानात घालायला बुचं मिळायची, ती हा खिशात ठेवायचा, कारण बुचं घातली तर मशीनचा आवाज बिघडलेला कळत नाही म्हणे. आता दोन्ही कानांत मशीन आहे. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आहे तेवढं वापरून घ्या, ते हळूहळू कमीच होणार. फोनवर माझं बोलणं त्याला कळेनासं झालं, मग त्यानं फोन वहिनीकडं द्यायला सुरुवात केली. एकदा घरी गेले तर हा टेपला कान टेकवून बसलेला. मी विचारलं, "ऐकू येतंय का?" तो म्हणाला, "खालचं येतंय. वरचं सुटतंय." मी तिथून उठून परसात गेले आणि तोंडात पदर धरून रडले. त्याच दिवशी ठरवलं, की यंदा ती कॅसेट डॉक्टरांच्या मोठ्या स्पीकरवर, पूर्ण, दादाला ऐकवायचीच. पुढच्या वर्षी त्याच्या कानात काय उरेल कुणी सांगावं!

तुम्ही म्हणाल, मग लावायची की सरळ, डॉक्टर काय नाही म्हणणार आहेत? डॉक्टर नाही म्हणाले नसते. नाही म्हणाला तो दादा. "नंबर आला तर वाजंल. न्हाई आला तर न्हाई. आपल्या घरची हाय म्हनून वशिला लावायचा व्हय?" म्हणजे पहिला नंबर यायला हवा, त्यासाठी हिरवा टॅग हवा, आणि त्यासाठी पिवळा निघायला हवा. मी पदर खोचला.

आधी काकांच्या दुकानात गेले. ते म्हणाले, "ताई, असं बघा. आमची शेंगदाण्याची ती चिक्की. समोरचा चॉकलेटचं काहीतरी करतो, तोही तिला चिक्कीच म्हणतो."

"खाऊन बघितलीत कधी?"

"बघितली ना. चांगली लागते हो. पण चिक्की नव्हे."

मी म्हटलं, "काका, चांगली लागते ना? मग मत द्या." आणि शाळेच्या सहलीची सगळी चिक्की यंदा त्यांच्याकडूनच घेईन असंही हळूच सांगितलं. काका लगेच विचारात पडले.

आयटीवाल्याला वळवणं सोपं निघालं. त्यानं माझ्या सांगण्यावरून त्या वेबसाइटवर लिहिलं, की हा अल्बम शुद्ध प्रोगमध्ये घ्यावा. तिकडून कुणीतरी उत्तर दिलं, की तुमच्या देशात हे संगीत पोचलंय हे वाचून बरं वाटलं. बस्स! गडी पेटला. आठवडाभर ऑफिसचं काम बाजूला ठेवून तो परक्या लोकांशी भांडत होता. साइटवर काहीच बदललं नाही, पण त्याचं मत पक्कं झालं. डॉक्टरांना मी गणितानं जिंकलं. शुद्ध प्रोगच्या दादानंच ठरवलेल्या अटी होत्या. एक तरी गाणं पाव तासाचं हवं, एक तरी वाकडा ताल हवा, ऑर्गन किंवा बासरी हवी. मी मांडीवर हात मारून त्यांना मोजून दाखवलं, "एक दोन तीन, एक दोन, एक दोन. सात होतात. रूपक ताल आहे हो हा, डॉक्टर! याहून वाकडं काय हवंय?"

त्या रविवारी कान्ह्याहून दादाला घेऊन मी लोणावळ्याला पोचले तेव्हा माझ्या खिशात तीन मतं होती, आणि चौथं माझं. बैठक सुरू झाली तशी मी उभी राहिले आणि प्रस्ताव मांडला. चार हात वर गेले. दादानं सगळ्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "ठरलं तुमचं?" मी म्हटलं, "ठरलं." टॅग ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा, म्हणून मी कॅसेट त्याच्यापुढं ठेवली. गाठ फार घट्ट बसली होती. त्यानं नखानं सोडवून पाहिली, मग दातानं तोडली. हिरवा टॅग बांधताना तो जरा थांबला. मला वाटलं, दादाला भरून आलंय. मी मनात म्हटलं, जिंकले!

मग गुण द्यायला सुरुवात झाली आणि माझे हे तीन शहाणे शिपाई एकाएकी परीक्षक झाले. काका खाकरून म्हणाले, "शुद्ध प्रोग म्हणून पाहिलं तर ऑर्गन जरा कमीच आहे." आयटीवाला म्हणाला, "दुसऱ्या बाजूला फारच साधं वाजवलंय, म्हणजे हिरव्याच्या मानानं." डॉक्टरांनी तर शंभरातले बावन्न दिले. बावन्न! मी शाळेत कामचुकार पोरांना पास करते तेवढे. माझा पारा चढला.

"डॉक्टर, गेल्या वर्षी तुम्ही हेच ऐकून रडला होतात!"

"रडलो होतो ना, ताई. पण तेव्हा ते संबंधित होतं."

दादानं स्वतः किती गुण दिले विचाराल तर त्यानं दिलेच नाहीत. "घरचा माल आपुन तपासायचा नसतो," म्हणाला. सगळी बेरीज झाली आणि आमची कॅसेट नववी आली. पहिला नंबर आला एका चार भागांच्या अल्बमचा, ज्यात ताऱ्यांवरचा कुणी राजा स्वतःच्या सावलीला शोधत हिंडतो. तो अल्बम आमच्यातल्या एकालाही आवडत नाही. पण तो इतका शुद्ध आहे की त्याला कमी गुण द्यायची कुणाची छाती होत नाही.

चहा झाला. दादा गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेले, तोंड वर करायची सोय नव्हती. त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "चुकलं माझं. पण तूच ती आधी पिवळी केली नसतीस तर हे झालंच नसतं."

तो रस्त्यावर अडकलेल्या पर्यटकांच्या गाड्यांकडं बघत म्हणाला, "बये, तुला काय वाटलं? त्या साइटीनं सांगितलं म्हनून बांधला मी पिवळा?"

"मग?"

"हिरवा बांधला असता तर नंबर लागला असता. नंबर आला म्हंजी कुनीतरी वर, कुनीतरी खाली. ती खाली गेल्याली मला बघवली नसती. पिवळ्याला कोन हात लावत न्हाई. सुखात व्हती कोपऱ्यात." मग म्हणाला, "आता झाली नववी."

मी काही बोलणार तोवर आतून डॉक्टरांनी हाक मारली, ऐकायची वेळ झाली होती.

चादरी निघाल्या. फोन बंद झाले. वर पंखा फिरत होता, तेवढाच काय तो आवाज. ताऱ्यांवरचा राजा सुरू झाला. पहिली काही मिनिटं नुसता वारा वाहतो. मग कुणीतरी घंटा वाजवतं. मग परत वारा. मी दादाकडं पाहिलं. त्यानं दोन्ही कानांतली मशीनं काढली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि डोळे मिटून मागं टेकला.

आणि थोड्या वेळानं गायला लागला.

त्याला वाटत होतं आपण मनात म्हणतोय. मशीन नसल्यावर स्वतःचा आवाज त्याला कुठला ऐकू यायला! पण तो चांगला खणखणीत गात होता, वावराच्या त्या टोकाला हाक मारावी इतका. ती कॅसेट. पहिल्यापासून. गिटार आली की "ट्यँव ट्यँव", ऑर्गन आला की "भोंऽऽ", आणि इंग्रजीच्या जागी आम्हाला लहानपणी जे ऐकू आलं ते अगडम्‌बगडम् शब्द. आयटीवाल्याला हसू फुटलं, ते त्यानं माझ्याकडं पाहून गिळलं. डॉक्टरांचा हात गप्प करायला वर गेला आणि तसाच खाली आला. बोलायचं नाही असा नियम होता, पण नियम करणाऱ्यालाच कोण सांगणार? ताऱ्यांवरचा राजा आणि आमचा दादा थोडा वेळ एकमेकांवर ओरडत राहिले. मग डॉक्टर उठले, पायांचा आवाज न करता गेले आणि तबकडीवरची सुई उचलून ठेवली.

आता खोलीत फक्त दादा उरला. सात मात्रांचा भाग आला तसा मी टीपॉयवर ताल धरला. काका गुडघ्यावर हात मारू लागले. बासरी आली तेव्हा आयटीवाला शीळ घालू लागला, आणि चांगली घालत होता हो! डॉक्टरांची बायको काय चाललंय म्हणून बघायला आली, दारातच उभी राहिली, आणि मग तिथंच खुर्ची ओढून बसली. आमच्या कॅसेटमध्ये एका जागी टेपनं फीत चावली होती, तिथं आवाज बुडून वर यायचा. दादा तिथंही बरोबर बुडाला आणि वर आला. पहिली बाजू संपली. तो थांबला, तोंडानं "खट्ट" म्हणाला, हवेत हातानं कॅसेट उलटी केली आणि दुसरी बाजू सुरू केली. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मला खदखदून हसूही येत होतं.

शेवटचा सूर त्यानं दम संपेपर्यंत ओढला. मग डोळे उघडले. फिरायची थांबलेली तबकडी त्यानं पाहिली, आमची तोंडं पाहिली, आणि घाईघाईनं मशीनं कानांत बसवली.

"बंद का पडलं ते?"

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. शेवटी काका म्हणाले, "लाइट गेली, भाऊ."

दादानं मान वर केली. डोक्यावर पंखा गरगरत होता. त्यानं पंख्याकडं पाहिलं, मग डॉक्टरांच्या ओल्या डोळ्यांकडं, मग माझ्याकडं.

"व्हय," तो म्हणाला, "हितं लोनावळ्यात लाइटीचं लय वाईट हाय."